पिनियन सील तिसऱ्यांदा गळतंय? आधी हौसिंगवरची नळी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गगनबावड्याकडच्या एका पोराची पंधरा वर्षं झालेली पिकअप आहे. भाजी भरून करूळ घाटानं वैभववाडीला उतरतो, येताना नारळाची पोती घेऊन चढतो. वर्षभरात पिनियन सील दोनदा बदललं, म्हणजे मागच्या हौसिंगमध्ये (मागच्या दोन चाकांमधल्या, दातेरी चाकांच्या लोखंडी पेटीत) इंजिनाकडचा शाफ्ट शिरतो तिथलं ऑइल अडवणारं रबर. तरी रात्रभर उभ्या गाडीखाली काही नाही, पण घाट चढून आला की त्या शाफ्टच्या जॉइंटच्या बाजूला ऑइलचे थेंब दिसतात, आणि आता मागच्या डाव्या चाकाच्या ड्रममध्येही ऑइल उतरलंय. मिस्त्री म्हणतो तिसरं सील टाकू, नाहीतर हौसिंगच उघडू. पोरानं स्वतः खाली वाकून बघितलं, तर हौसिंगच्या डोक्यावर रबरी नळीचा बोटभर तुकडा दिसला, पुढची नळी गायब. ही नळी कसली, ती बदलायची का, आणि घरच्या घरी जमेल का, असं त्यानं विचारलंय.

भावा, तिसरं सील अजून घेऊ नकोस. आधी त्या तुकड्यात एक तार घालून बघ. माझा अंदाज, तार जाणार नाही. तांबडी माती ठासून भरलेली असणार.

ती नळी म्हणजे डिफरन्शिअलचा ब्रेदर, मागच्या हौसिंगचं नाकच म्हण. हौसिंगमध्ये काठोकाठ ऑइल नसतं, निम्म्यापेक्षा जास्त जागेत हवा असते. गाडी पळाली की क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली दोन दातेरी चाकं, घासून ऑइल तापतं, हवाही तापते आणि फुगते. सकाळी पंचवीस डिग्रीला असलेली हवा घाट चढताना पंच्याऐंशीवर गेली, आणि बाहेर पडायला वाट नसली, तर आतला दाब साधारण तीन पीएसआयनं वाढतो. टायरमध्ये तीन पीएसआय म्हणजे काहीच नाही. पण ऑइल सीलची रबरी ओठपट्टी उडणारं ऑइल अडवायला केलेली असते, आतून दाब सोसायला नाही. मग जिथं सील सगळ्यात थकलेलं असेल तिथून ऑइल बाहेर पडतं. आधी पिनियन, कारण ते सगळ्यात जोरात फिरतं, मग चाकाकडची सीलं. तुझ्या गाडीत नेमका हाच क्रम आहे. दोन वेगवेगळ्या ठिकाणची सीलं पाठोपाठ गळायला लागली की मी सीलाचा डबा उघडतच नाही, आधी नाक तपासतो.

आणखी एक खूण तुझ्याच प्रश्नात आहे. रात्रभर उभी गाडी गळत नाही, घाट चढून आल्यावर गळते. नुसतं सील फाटलेलं असतं तर उभ्या गाडीखालीही थोडाफार डाग पडला असता. खात्री करायची असेल तर घाटावरून आल्या आल्या, हौसिंग हाताला चटका देतंय तेव्हा, वरचा फिलर प्लग एक-दीड आटा सैल कर. तोंड बाजूला, हातात जाड फडकं. आतून फुस्स आवाज आला तर नाक बंद आहे. प्लग पूर्ण काढू नकोस, गरम ऑइल अंगावर येतं. माझ्या एका हेल्परच्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे.

आता नळी का असते ते सांगतो, कारण बरेच मिस्त्री म्हणतात, ‘तुटली तर तुटली, भोक आहे तोवर श्वास चालतोय.’ काही गाड्यांना हौसिंगवर नुसती हलणारी छोटी टोपी असते, काहींना नळी काढून वर नेलेली असते. तुझ्या गाडीला नळी दिली होती, म्हणजे कंपनीला श्वास उंचावरून हवा होता. याचं कारण पाणी. तापलेलं हौसिंग एकदम पाण्यात गेलं की आतली हवा थंड होऊन आक्रसते. पंच्याऐंशीवरून तिशीवर आली तर आत जी ओढ तयार होते, ती दीड मीटर पाणी वर खेचेल एवढी असते. त्या वेळी नळीचं टोक उंचावर कोरड्यात असेल तर आत हवा जाते. तुटकं टोक पाण्यात असेल तर पाणीच आत जातं. आणि टोक मातीनं बंद असेल तर सीलाच्या ओठातून पाणी आणि गाळ ओढला जातो. तो गाळ सीलाखाली बसला की शाफ्टला घासून चर पाडतो. मग नवं सील टाकलं तरी ते त्याच चरावर बसतं आणि महिन्यात गळतं.

तू लिहिलंयस की गावाजवळच्या कोल्हापुरी बंधाऱ्यावरून रोज ये-जा आहे. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढतात, तरी जुलैत पाणी वरून जातंच. त्या पाण्यात गाडी घालू नकोस, हे मी ब्रेदरसाठी सांगत नाही. बंधाऱ्याला कठडा नसतो, आणि गुडघाभर पाणीही रिकामी पिकअप सरकवतं. पण पाणी ओसरल्यावर राहिलेल्या डबक्यातून तापलेली गाडी घातलीस तरी वरचा सगळा खेळ होतो.

बंद झालेलं नाक मी किती तऱ्हांनी बघितलंय! एक गाडी साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर चार महिने छपरात उभी होती. नळीच्या वरच्या टोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. बाहेरून नळी नवीकोरी, आत बोटभर भाजलेल्या मडक्यासारखी माती. सगळ्यात जास्त गाड्या मात्र पासिंगनंतर येतात. पासिंगला न्यायची म्हणून खालून पाणी मारतात, मग हौसिंगसकट सगळ्या चासीला काळा रंग फासतात. रंगाचा फवारा टोपीवर बसला की टोपी जाम. पासिंग होतं, गाडी चकचकीत दिसते आणि पंधरा दिवसांत सील गळायला लागतं. मालक म्हणतो, ‘रंग मारला तवा तर बरी होती की.’

आता काम. नळी बदलणं अवघड नाही, घरी जमेल. पण घाई केलीस तर दहा मिनिटांच्या कामाचं हौसिंग उघडायचं काम होतं.

गाडी सपाट जागेवर लाव, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ओंडके लाव. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नकोस. चासीखाली घोड्या लावायच्या. हात लावायच्या आधी हौसिंगचं डोकं धू. आधी वायर ब्रश, मग डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश, मग हवा मार. पंधरा वर्षांचा चिखल तिथं थराथरानं बसलेला असतो, आणि निपल (नळी जिच्यावर बसते ती हौसिंगवरची धातूची चोच) सैल होताच त्यातला खडा सरळ क्राऊनवर पडतो. माझ्याकडे एक गाडी अशीच आली होती. नळी बदलली दुसरीकडे, आणि आठ दिवसांत क्राऊनमधून कटकट आवाज. ऑइल काढलं तर त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा खडा, चपटा झालेला.

जुनी नळी ओढून काढू नकोस. उन्हानं, ऑइलनं ती लाकूड झालेली असते. ओढली की निपलच मानेतून तुटतं. ब्लेडनं नळीला उभी चीर दे, केळं सोलल्यासारखी ती उघडते. निपल हौसिंगमध्ये आट्यांवर बसलेलं असेल तर नवंच टाक. आटे गाडीगाडीत वेगळे असतात, म्हणून जुनं निपल खिशात टाकून दुकानात जा, अंदाजानं घेऊ नकोस. उलटे आटे मारून जबरदस्तीनं बसवलेलं निपल मी काढलेलं आहे. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर नेऊन बुश करून घ्यावं लागलं होतं. जुनंच निपल ठेवायचं असेल तर ते डिझेलमध्ये बुडव, तारेनं साफ कर, फुंकून बघ.

निपल तुटून आतच राहिलं तर थांब. ड्रिल मारायचं असेल तर ड्रिलच्या टोकाला भरपूर ग्रीस लाव, म्हणजे बुरादा त्याला चिकटतो. आणि त्यानंतर ऑइल बदलायचंच, कितीही नवं असलं तरी. हातात सवय नसेल तर हे काम मिस्त्रीकडे दे.

नळी कुठली घ्यायची? हार्डवेअरच्या दुकानातली लेव्हलची पारदर्शक नळी घेऊ नकोस. स्वस्त आहे, आत दिसतं, म्हणून सगळे तीच लावतात. सायलेन्सरच्या उष्णतेनं ती मऊ होऊन वळणावर चेपते, आणि थंडीत कडक होऊन तडकते. पेट्रोल-डिझेलला चालणारी काळी, दोऱ्याचा थर असलेली नळी घे. आतलं भोक निपलला घट्ट बसेल असं, बहुतेक सहा किंवा आठ मिलिमीटर. डिझेलच्या रिटर्नची बारीक नळी नको, ती भोकाला फार अरुंद पडते आणि एका थेंबानं बंद होते.

लांबीत लोक चुकतात. चाकं जमिनीवर असताना माप घेतात, नळी ताठ बसवतात, आणि पहिल्या खड्ड्यात पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) पूर्ण सुटले की नळी निपलवरून निसटते. तुझी नळी कशी तुटली असेल, याचा माझा पहिला संशय हाच. म्हणून गाडी चासीवर उचल, मागची चाकं लोंबू दे, आणि त्या अवस्थेत सुतळीनं माप घे. वर चार बोटं जास्त ठेव. मग गाडी खाली घेतल्यावर ती जास्तीची नळी कुठं जाते तेही बघ. जॉइंट शाफ्टवर लोंबता कामा नये.

रस्ता शोधायला फार डोकं चालवू नकोस. मागच्या ब्रेकची रबरी नळी चासीवरून हौसिंगवर जिथून उतरते, तिथंच कंपनीनं पाट्यांच्या हालचालीचा हिशोब करून ठेवलेला असतो. तिच्या शेजारून वर जा. पण तिला किंवा ब्रेकच्या लोखंडी नळीला टाय बांधू नकोस. घासून ब्रेकची नळी कापली गेली तर घाटात काय होईल, ते सांगायला नको. चासीला वेगळी क्लिप मार. तुझ्या गाडीत हौसिंगपासून चासीकडे जाणारी पातळ सळई असेल तर ती वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या वॉल्व्हची आहे. नळी तिच्यात अडकली तर भरल्या गाडीचा ब्रेक बिघडतो. सायलेन्सरपासून हातभर लांब ठेव. निपलवर छोटी जुबली क्लिप लाव, पण आवळून आवळून नळी कापू नकोस. आत काही दाब नसतो, ती फक्त निसटू नये म्हणून असते.

नळी सतत चढती ठेव. मध्ये कुठं झोळी पडली तर आतली वाफ गार होऊन तिथं ऑइल आणि पाणी साचतं आणि नाक पुन्हा बंद. वरचं टोक मी हौद्याच्या पुढच्या फळीला नेतो, केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीत, हौद्याच्या तळापेक्षा वीतभर उंच. तिथं चिखल उडत नाही, पोती घासत नाहीत. शेवटी छत्रीच्या मुठीसारखं वळण देऊन तोंड खाली करायचं. तोंडावर कंपनीची टोपी मिळाली तर उत्तम. नाहीतर मोटारसायकलचा छोटा पेट्रोल फिल्टर लावतो, कुंभारीण त्यात शिरत नाही. फक्त तो वर्षातून एकदा बदलायचा, नाहीतर धुळीनं तोही बंद होतो. काहीजण टोक चासीच्या पोकळीत खुपसतात. धूळ आणि पाणी शेवटी तिथंच साठतं, म्हणून मी ते करत नाही.

नळी चालू आहे की नाही, हे कॉम्प्रेसरनं बघू नकोस. हवेचा पाइप लावून मारलास तर उरलीसुरली सीलंही उलटतील. ऑइल काढलेलं असताना फिलरचं भोक उघडं ठेव, त्याच्यापाशी ओलं बोट धर, आणि दुसऱ्या कुणाला वरच्या टोकातून तोंडानं फुंकायला सांग. बोटाला झुळूक लागली की झालं.

आता ऑइलकडे. ड्रेन प्लग पूर्ण काढण्याआधी थोडा सैल कर आणि पहिल्या धारेकडे बघ. पाणी ऑइलपेक्षा जड असतं, तळाशी बसतं, तेच आधी येतं. जुलै २०२१ च्या पुरात शिरोळकडची एक दुधाची गाडी तीन दिवस पाण्यात उभी होती. तिचा प्लग सैल केला तर आधी वाटीभर स्वच्छ पाणी आलं, मग घट्ट पांढरं. माझा हेल्पर म्हणाला, ‘मिस्त्री, पांढरा रस्सा आला, आता तांबडा कधी?’ तांबडाही आलाच. बेअरिंग उघडलं तेव्हा गंज होता. अशा पुराच्या गाडीला नळी कितीही उंच असली तरी भरवसा धरू नये. तीन दिवसांत सीलातूनही पाणी झिरपतं.

तुझं ऑइल दुधाळ किंवा चहाच्या रंगाचं असेल तर नवं भर, दीड-दोनशे किलोमीटर पळव, गरम असतानाच ते काढून पुन्हा नवं भर. डिझेल घालून धुतलंस तर ते पूर्ण निथळू दे. ऑइल जीएल-५ दर्जाचं घे, कारण मागच्या क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना जास्त दाब सोसणारं ऑइल लागतं. किती जाड ते गाडीच्या पुस्तकात बघ. ‘नव्वद नंबर दे’ म्हटल्यावर दुकानदार गिअरबॉक्सचं ऑइलही देईल, डब्यावर वाचूनच घे. भरायचं फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाट असताना. ‘गळतंय तर थोडं जास्तच घालू’ हे करू नकोस. जास्तीचं ऑइल क्राऊन ढवळून त्याच नव्या नळीतून वर फेकतो, आणि मग लोक म्हणतात नळीच वाईट.

सीलांचं काय? नाक मोकळं केल्यावर लगेच बदलू नकोस. दोन-तीन फेऱ्या घाटाच्या कर. पिनियनकडची गळती बऱ्याचदा इतकी कमी होते की नुसता ओलसरपणा राहतो. तरी थेंब पडले तर सील बदलायचं, पण तेव्हा फ्लँजची (शाफ्ट जोडायच्या, सीलाच्या ओठात फिरणाऱ्या तुकड्याची) बाहेरची गोलाई नखानं तपास. नख अडकेल एवढा चर असेल तर फ्लँज बदल किंवा त्यावर पातळ बाही बसवून घे. चरावर सील टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि पिनियनचा नट. याच्यावर मी मुद्दाम जोर देतो, कारण तुझा नट आधीच दोनदा सुटलाय. काही हौसिंगमध्ये त्या नटाच्या आवळण्यानं आतली एक बुश ठरावीक माप चेपते आणि त्यावर बेअरिंगचा ताण ठरतो. मिस्त्रीनं प्रत्येक वेळी लांब पाइप लावून ‘कचकचून’ आवळला असेल, तर बेअरिंगवर जास्त ताण येऊन गाडी साठच्या पुढं घूं घूं करते. मिस्त्रीला सांग, नट सोडण्याआधी नट, फ्लँज आणि पिनियनच्या टोकावर पंचानं एका रेषेत खुणा मारायच्या आणि परत त्याच खुणेवर आणायचं. खरी पद्धत नवी बुश, नवा नट आणि फिरवताना लागणारा जोर मोजून आवळायची आहे. ते जमणारा माणूस मिळाला तर दोन पैसे जास्त दे.

डाव्या चाकाचा ड्रम मात्र उद्याच उघड, याला थांबू नकोस. लायनरला (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांना) ऑइल लागलं असेल तर ते घासून, पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून परत लावतात. मी लावत नाही. ऑइल आत मुरलेलं असतं, घाटात ड्रम तापला की परत वर येतं, आणि गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही चाकांचे लायनर जोडीनं बदल. चाकाकडचं सील तिथं हात असतानाच टाकून घे, ते काम पुन्हा उघडण्यासारखं नाही.

पुढच्या पासिंगला चासी रंगवायला देशील, तेव्हा नळीच्या टोकावर आणि निपलवर चिकटपट्टी गुंडाळून दे. रंग वाळल्यावर ती काढायचं काम रंगाऱ्यावर सोडू नकोस, स्वतः वाकून काढ.